डोंगरीची गुळवेल

पप्पांना जाऊन तीन महिने झाले. एवढ्या दिवसांत ऑफिस सोडून मी कुठे गेलो नव्हतो. मग शांती नगरमधल्या आमच्या शेजारीण कोकिलाबेन तापातून उठल्या, पण अशक्तपणा जाईना. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुझे पप्पा डोंगरीहून गिलोय आणून द्यायचे. आता किसको बोलूं?"

मी आणतो म्हणालो. गिलोय म्हणजे आपली गुळवेल. पण ती ओळखायची कशी, हे मला माहीत नव्हतं. भलतीच वेल त्यांच्या पोटात गेली तर, ही धास्ती होती.

रविवारी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. राई-मुर्ध्याच्या पुढे इमारती विरळ होतात, मिठागरं दिसतात. डोंगरीला उतरून नाक्यावर चहा घेतला. जाणार असाल तर नऊच्या आत पोचा, नंतर ऊन सोसत नाही. टेकडीवर फोनमधल्या फोटोशी पानं जुळवून मी पिशवी भरली आणि खात्री करायला गावातल्या फिलूमावशींकडे गेलो. पप्पा त्यांच्याच वाडीतून वेल आणायचे.

मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"पान बघून तोडलीस ना? ही न्हाय रे! असली पानं सतरा वेलींना हायत. खोड बघायचं."

त्यांनी मागच्या कडुनिंबावरची वेल दाखवली. बोटाएवढं जाड खोड, वर बारीक फोड. नखाने खरवडलं की कागदासारखी साल निघते, आत हिरवं. आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात.

"बोटभर तुकडा ठेचून उकळायचा. तापानंतर अंगात ताकद येते. शुगरच्या गोल्या चालू असतील तर आधी डॉक्टरला इचार." मग हसल्या. "तुझा बाप पयल्यांदा आला तवा हीच वेल पिशवी भरून आणलेली. मी हसले तर दोन महिने तोंड न्हाय दाखवलं."

घरी पप्पा कधी चुकत नसत. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मावशींनी कापून दिलेले तुकडे दुपारी पुडीत बांधून कोकिलाबेनना दिले. डॉक्टरांना विचारलंय, म्हणाल्या. पण लगेच घेतले नाहीत. एक तुकडा माझ्यापुढे धरला.

"पहले तू. तुझे पप्पा आधी स्वतः चावायचे, मगच मी घ्यायची."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दारातच उभं राहून चावला. डोळ्यांत पाणी आलं इतका कडू. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या, मग पुडी घेऊन आत गेल्या आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

रात्री जेवण झालं तरी जीभ कडूच होती. पण ती चव घालवायला गूळ खावासा वाटला नाही.