बारीक आवाजाची सहा गाणी

"उजव्या कानात बोलू नका ताई, तो काउंटर बंद हाय," असं म्हणून ते डावा कान पुढे करायचे.

चौलच्या आसपास हळदीला गेला असाल, तर तुम्ही यांना पाहिलं असेल. ऐकलं तर नक्कीच असेल. मंडपात भिंतीसारखे स्पीकर रचणारे साऊंडवाले. माझा धंदा जेवणाचा. कितीतरी हळदींना मटण माझं आणि आवाज त्यांचा.

कान धंद्यानेच खाल्ले होते. कापूस घालत जा, असं मी एकदा सुचवलं. तर म्हणाले, "साऊंडवालाच कापूस घालतो म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

या माणसाने स्वतः लिहून, स्वतः गाऊन सहा गाण्यांचा अल्बम केला. साथीला फक्त पेटी, तीही जपून वाजवलेली. पहिली पाच झाल्यावर त्यांनी ती फोनवर पाठवली, तेव्हा मी अर्ध्या गाण्यातच बंद केली आणि रेकॉर्डिंग कच्चं आहे म्हणून कळवलं.

"कच्चं न्हाय, बारीक हाय. पुरी ऐका, मग बोला."

पुढे प्रत्येक हळदीत ते हेच म्हणायचे आणि मी भाताकडे बघत हो हो करायचे.

धंदा विकून ते मुलीकडे ठाण्याला निघाले. आदल्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. एव्हाना डावा कानही जायला लागला होता. सहावं गाणं त्यानंतर गायलेलं, त्यामुळे ते जमलं की नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. मोठं करून ऐका की, मी ओरडून म्हटलं.

"मोठं केल्यावर ऐकू येतं. पण मग ते गाणं र्‍हात न्हाय. तुम्ही तोंडावर बोलता म्हणून आलो. नसंल जमलं तर कुणाला द्यायचं न्हाय."

मी शेगडी बंद केली, पंखा बंद केला आणि फोन कानाला लावला.

पहिली पाच गाणी चांगली होती. लग्न उरकल्यावर खुर्च्या एकात एक रचणाऱ्या माणसाचं एक गाणं होतं. त्यात रडारड नव्हती. माणूस खुर्च्या रचतो आणि घरी जातो, एवढंच. तरी मला ते मध्येच बंद करावंसं वाटलं नाही, आणि मी कुठलीही गोष्ट पटकन बंद करते.

सहाव्यात आवाज एकदोनदा हलला. ओळीच्या शेवटी ते इतके हळू व्हायचे, की मी हातातली पळी खाली ठेवली. शब्द मात्र एकही हरवला नाही.

समोर बसून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

गाणं संपलं. जमलंय, एवढंच सांगायचं होतं, पण फोन माझ्या कानालाच राहिला. त्यांना वाटलं, अजून चालू आहे. म्हणून तेही गप्प बसून राहिले.