गोष्टीतलं वादळ आणि वेधशाळेचे अण्णा

गोष्टीत कोणी मेलं तरी वेधशाळेचे अण्णा मुकाट ऐकून घेत. वारा सुटला की मात्र त्यांना राहवत नसे. "थांब," म्हणून ते वाचणाऱ्याला अडवत आणि वाऱ्याची दिशा विचारत. जन्मभर वेधशाळेत वारा मोजला, निवृत्तीनंतरही तो डोक्यातून जाईना. ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडमागे आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहत. सुटणाऱ्या मोटारींचे भोंगे थेट स्वयंपाकघरात ऐकू येत.

काकूंना मोतीबिंदूमुळे दिसत नसे. दुपारची कामं उरकली की मी त्यांना मासिक वाचून दाखवायची. त्यात एक गोष्ट आली. सासरी गांजलेली सून भर उन्हात खळ्यावर धान्य पाखडत असते. गरगरतं वादळ येतं, तिला सुपासकट उचलतं आणि नदीपलीकडे माहेरच्या अंगणात अलगद ठेवतं. काकूंनी ती इतक्यांदा वाचून घेतली की मला वीट आला.

अण्णांनी त्या वादळाची सालटी काढली. "निरभ्र उन्हात तापल्या जमिनीवरून उठते ती वावटळ. ती पाचोळा उचलते, फार तर वाळत घातलेलं लुगडं. माणूस उचलणारा भोवरा गडगडाटी ढगातून उतरतो. इथे ढगच नाही." ढग असता तरी त्या भोवऱ्यात फांद्या, दगड फिरत असतात, बाई धड राहणार नाही, हेही ते दमल्या आवाजात सांगत. "उचलणं जमेल एखादे वेळी. अलगद ठेवणं नाही जमायचं."

"असू दे. तू वाच गं," काकू म्हणत.

काकूंचं माहेर मुरबाडकडे. लग्नानंतर जाणं फारसं झालंच नाही. अण्णांना नोंदींपायी सणालाही सुट्टी नसे, आणि बायकोला एकटीने पाठवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. शिवाय ते हवामान बघून बेत ठरवत. वैशाखात ऊन फार, आषाढात नदीला पूर, पौषात काकूंच्या दम्याला थंडी बाधायची. निवृत्त झाल्यावरही तेच. तोवर तिकडे एक म्हातारा भाऊ तेवढा उरला होता. मला अण्णांचा राग यायचा, पण बोलणार कोण?

पुढे काकूंनी अंथरूण धरलं. एके दुपारी वादळाशी आल्यावर मी सवयीने थांबले.

"अहो, आज काही म्हणायचं नाही?" काकूंनी विचारलं.

"ढग होता असं धरू," अण्णा म्हणाले.

"आणि ठेवलं अलगद?"

"ठेवलं."

काकू समाधानाने कुशीवर वळल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दिवसपाणी उरकल्यावर अण्णांनी मला तीच गोष्ट वाचायला सांगितली. सून खळ्यावर आली, वारा सुटला, एवढ्यात बाहेर भोंगा वाजला.

"थांब," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, दिशा विचारतील.

"वादळ कशाला हवं होतं गं? मुरबाडची मोटार रोज सुटत होती."