मुखेडचं सोयाबीन, निलंग्याचं सोयाबीन

डॉक्टरेटसाठी लातूरजवळच्या एका संशोधन केंद्रात मी गावोगावचे सोयाबीन वाण गोळा करून पेरले होते. मोजमापं घ्यायची, सारख्यांचे गट पाडायचे आणि एकमेकांहून सगळ्यात वेगळ्या दोन गटांतल्या वाणांचा संकर करायचा. त्यावरच माझी पदवी होती.

जमिनीच्या फरकाने फसायला नको म्हणून प्रत्येक वाण शेतात तीन ठिकाणी पेरायचा असतो. आमच्या मार्गदर्शक सरांनी जागा नाही म्हणून एकाच ठिकाणी पेरायला लावला. मुखेडहून आणलेला वाण विहिरीच्या पाझराला पडला, निलंग्याचा मुरमाड कडेला. एक कमरेएवढा वाढला, दुसरा गुडघ्याच्या वर जाईना. आम्ही उंची मोजली, शेंगा मोजल्या, दाण्यांचं वजन केलं. फुलाचा रंग आणि शेंगेवरची लव मात्र आकड्यात बसत नाही म्हणून सोडून दिली. संगणकाने दोघांना दोन टोकांना बसवलं. सर खूश, मीही खूश.

खुरपायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सायेब, ही दोन्ही एकच हायती की. फूल तेच, लव तीच तांबडी. ह्याला पाणी मिळालं, त्याला न्हाई, एवढंच."

"मावशी, हे शास्त्र आहे," मी म्हणालो. किती हा शहाणपणा!

मग चिमटा घेऊन मी गुडघ्यावर बसलो. सोयाबीनचं फूल ते केवढं, त्यातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्याचे परागकण लावायचे. मान मोडून आली. संकराच्या दुसऱ्या पिढीत वाफ्यात उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी सरमिसळ दिसायला हवी होती. सगळी झाडं शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखी एकसारखी उभी. मावशी शेजारी खुरपत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सरांना वाफ्यावर नेऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, वाफ्याला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "लिहा, एकसारखेपणा उत्कृष्ट. वाण स्थिर आहे."

"पण सर, दोन्ही एकच वाण निघाले. हा संकरच नाही."

"मग पदवी नको का तुम्हाला?"

मी लिहिलं. परीक्षकांनी एकसारखेपणाचं खास कौतुक केलं. आता लोक मला डॉक्टर म्हणतात. आधी लाज वाटायची. हल्ली कोणी नुसतं सर म्हटलं तर राग येतो.