सरांची पोर

शाळेच्या खिचडीचा वास आला की मुखेडकडच्या आमच्या शाळेचा तापलेला व्हरांडा आठवतो. तिसरीला मला माझे वडीलच शिकवायचे. लोकांच्या लेकरांना त्यांनी कधी हात लावला नाही. वर्गात गोंधळ वाढला की ते मलाच बाहेर उभं करायचे, आणि आतली पोरं चिडीचूप व्हायची. त्या दिवशी तर मी मुकाट फळ्यावरचं उतरवून घेत होते, तरी उठवलं. बाहेर चुलीवर खिचडी ढवळणाऱ्या मावशीनं विचारलं, "आज बी तूच बोललीस व्हय गं?" माझे कान तापले होते, पण वडिलांना कुणी नावं ठेवू नयेत म्हणून मी म्हणाले, "हाव, मीच." मावशीचा हात थांबला. "न्हाई बाय, मला हितून समदं दिसतंय." वळून पाहिलं तर वडील दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते मान खाली घालून आत गेले, मला मात्र आत बोलावलं नाही. आता मी शिकवते आणि माझी लेक माझ्याच वर्गात आहे. काल पोरांनी कल्ला केला, आणि माझ्या तोंडून पहिलं नाव तिचंच निघालं. तिनं वही मिटली आणि सवय असल्यासारखी दाराकडं निघाली.