माझ्या अंगावरचं पाणी

"ए, बाजूला हो! तुझ्या अंगावरचं पाणी गुळावर पडतंय!"

खालून शेठ ओरडला. मी वर होतो, त्याच्या गोदामाच्या आढ्यावर, घोड्यावर बसावं तसा दोन्हीकडं पाय टाकून. माझ्यापुढं छपराला भोक. बैलगाडी बैलांसकट आत जाईल एवढं. भोकाखाली गुळाच्या ढेपा, रव्यावर रवा रचलेला. आणि पाऊस असा, की वरून कुणी घागरीच पालथ्या करतंय.

त्या भोकातून पाऊस आत पडत होता. सरळ आभाळातून. तो चालत होता. मी ताडपत्री ओढायला भोकावर ओणवा झालो होतो. माझ्या पाठीवर पडलेला पाऊस हनुवटीवरून, कोपरावरून खाली गुळावर गळत होता. तो चालत नव्हता.

पाऊस एकच. मधे फक्त माझी पाठ.

तुम्हाला वाटेल, हा रंगवून सांगतोय. रंगवायची सवय मला आहेच. आमच्या मांगवाड्यात माझ्याएवढा थापाड्या आजवर झाला नाही. वाऱ्याबद्दल मी थापा मारीन, गारांबद्दल मारीन, माझ्या ताकदीबद्दल तर मारीनच मारीन. पण शेठच्या त्या वाक्याला मी हात लावलेला नाही. तोंडातून जसं पडलं तसं ठेवलंय.

कोल्हापूरचं संस्थान विलीन होऊन दोनतीन वर्षं झाली होती. अस्पृश्यता गेली, असं शाळेच्या मास्तरनं पेपर वाचून आम्हाला सांगितलेलं. गेली म्हणे. कुठं गेली ते काही छापलं नव्हतं. मला नंतर सापडली. गुळाच्या पेठेत मुक्कामाला होती.

त्या दिवशी भर दुपारी वळीव आला. आला कसला, अंगावर धावून आला. गारा अशा, की त्यापेक्षा नारळ परवडला. शेजारच्या म्हातारीचा कोंबडा वाऱ्यानं उचलला, तो दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यावर आरवला असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. पण आमच्या खोपटावरचा उसाचा पाला गेला, ही थाप नव्हे. मेढीचे खांब आणि वरचं आडं तेवढं राहिलं, बाकी सगळं उघडं. आत माझी थोरली बहीण हौसा. बाळंत होऊन चौथा दिवस. पोर एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. आय त्या दोघींवर ओणवी होऊन बसलेली. गारा तिच्या पाठीवर पडत होत्या आणि ती गारांच्या सात पिढ्या उद्धरत होती.

तेवढ्यात शेठचा दिवाणजी आला. छत्री उलटी झालेली, धोतर गुडघ्यावर. मांगवाड्याच्या तोंडाशीच थांबला. वीज पडत होती, तरी पाऊल आत टाकलं नाही.

"दोर घेऊन चल! गोदामाचं छप्पर उडालंय."

"आमचं बी उडालंय की, दिवाणजी."

"तुमच्यात भिजण्यासारखं आहे काय?"

मी मागं वळून हौसाकडं बघितलं. दिवाणजीनंही बघितलं असावं. लगेच म्हणाला, "शेठची एक जुनी ताडपत्री आहे. फाटकी आहे, पण तुमच्या खोपटाला पुरेल. काम झालं की घेऊन जा."

आय माझ्याकडं बघून म्हणाली, "जा. पळ."

मी पळालो. खांद्यावर घायपाताच्या दोराचं भेंडोळं. आयनंच वळलेला दोर. आमचा धंदाच तो.

पेठेत दहा-बारा हमाल पडवीत उभे. एकेकाची छाती तालमीच्या दारागत. पण वर कुणी चढेना. छपराचे वासे कुजलेले, वजन घेतील का नाही, सांगता येत नव्हतं. "आमाला बायकापोरं हायती," धोंडी हमाल म्हणाला. मला बायकापोरं नव्हती, आणि जातही अशी, की मी पडलो तरी पेठेचं काही मोडणार नव्हतं.

खरी रीत अशी, की आतून माळ्यावर जायचं, वाशाला दोर बांधायचे आणि मग वर निघायचं. अर्ध्या घटकेचं काम. पण आत गूळ. मी आत जायचं नाही. मग शिडी मागितली. शिडी गोदामातली, म्हणून तीही नाही. भिंतीला लागून चिंचेचं झाड होतं. त्या चिंचेला विटाळ होत नसावा. तिच्यावरून मी छपरावर उडी घेतली.

गोदामावर घालायची ताडपत्री लढाईतली, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. कोरडी असती तरी तिला दोन माणसं लागली असती, भिजल्यावर तर ती गाभण म्हैस झालेली. मी एकट्यानं वर ओढली. बरं, खालून धोंडीनं बांबूनं रेटली. पण एकट्यानं म्हटलं तर तुमचं काय जातं?

अलीकडचे दोन कोपरे मी सुरगाठीनं वाशांना अडकवले. सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. ताडपत्री ताणून नीट बसली, की सुरगाठी सोडून निरगाठी मारायच्या. त्या मग सुटत नाहीत, कापाव्या लागतात. आता पलीकडची कड भोकावरून ओढून न्यायची राहिली होती. त्यासाठी भोकावर ओणवं व्हायलाच पाहिजे.

झालो. आणि शेठ ओरडला.

"शेठ," मी म्हणालो, "पाऊस तर आत पडतोयच की!"

"तो पाऊस देवाचा आहे. तुझं पाणी नको."

"मग ताडपत्री कशी वडू?"

"ते तुझं तू बघ. हा गूळ लोकांच्या नैवेद्याला जातो."

दिवाणजी शहाणा माणूस. त्यानं लगेच तोड काढली. "शेठ, ह्याचं पाणी पडलेले रवे बाजूला काढू. गुरांना घालता येतील."

गुरांना चालणार होतो मी.

धोंडी म्हणाला, "आरं, मग त्येला वाळवून वर पाठवायचा हुता!" आणि सगळी पडवी हसली. शेठ हसला, दिवाणजी हसला. ज्यांची वर चढताना फाटत होती ते हमाल पोट धरून हसले.

चिंचेखाली ती फाटकी ताडपत्री घडी घालून ठेवलेली मला वरून दिसत होती.

खरं सांगतो, मी आधी बाजूला झालो. ऐकलं मी त्याचं. हौसासाठी, पोरीसाठी. भोकाच्या कडेकडेनं सरकत गेलो, अंगावरचं पाणी बाहेरच्या बाजूला गळेल असा तिरका झालो, आणि एका हातानं ताडपत्री ओढू लागलो. माणूस किती वाकडा होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं. पाय घसरला. कौल फुटलं आणि त्याची कपची मांडीत घुसली. रक्ताची चिळकांडी उडाली. मी वाशाला लोंबकळलो.

खालून शेठचा आवाज आला, "रक्त आत पडलं काय बघ रे!"

पाय मोडला काय, असं कुणी विचारलं नाही. हात धर, असं कुणी म्हणालं नाही. रक्त आत पडलं काय, एवढंच.

मी परत आढ्यावर चढून बसलो. हसण्याचा राग तोंडापर्यंत आला होता, तो मी गिळला. माझा आवाज एकदम गोड झाला. मला ओळखणारी माणसं माझ्या गोड आवाजाला भितात. शेठ मला ओळखत नव्हता.

"शेठ, एक इचारू? ह्या ताडपत्रीला मी हात लावलाय. ती चालती न्हवं?"

"ती वर राहणार. चालते."

"आणि दोर? दोर माझ्या आयनं वळलाय. वळताना हातावर थुकती ती. थुकल्याबिगर पीळच बसत न्हाय."

मी दोर वर धरून दाखवला.

"दोर आत वाशाला बांधायचा. पाऊस दोरावर पडणार, दोरावरनं पाणी आत उतरणार, टिपूस टिपूस गुळावर. काय करू ते सांगा. तुमच्या नैवेद्याला बट्टा नगं."

शेठनं दिवाणजीकडं बघितलं. दिवाणजी म्हणाला, "आपल्या गोदामातला दोर देतो."

"त्यो बी आमच्यातलाच! पेठेतला एकूणएक दोर आमच्या थुकीचा हाय. गुळाच्या गाड्या आवळता त्यो. गाई बांधता त्यो. तुमच्या हिरीतनं घागर वर येती त्यो बी. रोज सकाळी हिरीत सोडताय आमची थुकी, शेठ. पिताय की!"

हे मी आधी ठरवून बोललो नव्हतो. बोलता बोलताच मला कळत गेलं. आजवर आमच्या हाताशिवाय ह्यांचा एक घोट वर आला नव्हता. मला एवढी वर्षं हे दिसलं कसं नाही? पिढ्यान्‌पिढ्या आम्ही पीळ देत बसलो खाली मान घालून, म्हणून.

"जीभ फार चालायला लागली!" शेठनं माझ्यावर बोट रोखलं. "खाली ये, बघतो तुझ्याकडं!"

"येतो की. माझा दोर घेऊन येतो."

दोन सुरगाठी. दोन हिसके.

वारा वाटच बघत होता. ताडपत्री उठली ती गरुडासारखी. कुणी म्हणतं रंकाळ्यात पडली. कुणी म्हणतं इचलकरंजीला एका मागाच्या छपरावर उतरली आणि तिथल्या विणकरांनी पावणी म्हणून तिला ठेवून घेतली. खरं म्हणाल तर चौथ्या घरापुढच्या पिंपळात अडकली. पण तेवढ्यात गूळ पाझरायला लागला होता. देवाचा पाऊस, शुद्ध, सोवळा, सरळ गुळावर.

मी चिंचेवरून उतरलो तेव्हा सगळे रवे उचलायला आत धावलेले. फाटकी ताडपत्री तिथंच पडलेली. उचलता आली असती, कुणी बघत नव्हतं. नाही उचलली. ती ज्या कामाची मजुरी होती ते काम मी मोडून आलो होतो.

घरी आयनं विचारलं, "ताडपत्री?"

"न्हाय आणली."

का नाही ते सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि माझ्या कानफटात मारली. "पोर भिजतीया आणि तू शेठला शहाणपण शिकवून आलास?" मग माझ्या मांडीचं रक्त बघितलं, लुगड्याची पट्टी फाडून बांधली. मग दोर हातात घेऊन चाचपला. सबंध होता.

"दोर सोडला न्हाईस न्हवं? मग उठ. पाला गोळा कर."

मी ओढ्यापर्यंत उडालेला पाला गोळा करत हिंडलो. ओल्या पाल्याचं छप्पर अंधार पडेपर्यंत आवळत होतो. तोवर आय पोरीवर ओणवीच होती. तिच्या केसांतून, नाकावरून पाणी पोरीच्या कपाळावर गळत होतं. मी ते बघत होतो. बाजूला हो, असं तिला कुणी म्हणत नव्हतं.

पोर जगली. पण छातीत घरघर राहिली. वळीव आला की अजून खोकते. ती खोकली की मला फाटकी ताडपत्री दिसते. उचलायला हवी होती काय? दरवेळी विचारतो. दरवेळी उत्तर तेच येतं, नाही, आणि दरवेळी तेवढंच दुखतं.

पेठेनं आमचा दोर बंद केला. दोन महिने केला. आम्ही दोन महिने उपाशी-अर्धपोटी काढले. मग त्यांच्या विहिरीचा दोर तुटला आणि दिवाणजी परत मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"या की पावणं," मी म्हणालो, "आत या. दोर आत हाय."

त्यानं मागं वळून बघितलं, पेठेतलं कुणी बघत नाही ना. मग धोतर सावरून आत आला.

आता वळवात कुणाचं ना कुणाचं छप्पर उडतंच. माणूस धावत येतो. मी त्याला एकच विचारतो, वर जायची वाट घरात कुठून आहे? माळ्यावरून असेल तर माळ्यावरून. स्वयंपाकघरातून असेल तर स्वयंपाकघरातून. देवघरातून असेल तर देवघरातून. मी त्याच वाटेनं जाणार, ओल्या अंगानं, पाणी गाळत. ज्याच्या दारातून मला आत जाता येत नाही, त्याच्या छपरावर मी चढत नाही. माझी पोरंही चढणार नाहीत.

कुणी मान खाली घालून दार उघडतो. कुणी घुटमळतो, आभाळाकडं बघतो, म्हणतो, "बाहेरनं जमंल काय बघा की."

त्याला मी सांगतो, पाऊस देवाचा हाय. भिजा.