गिरिपुष्पाचा शेवटचा तुकडा

झाड बदलले, तर त्याखालच्या मातीतले जीव किती वर्षांनी बदलतात? या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता येत नाही. डॉ. बागवान मॅडमनी तो मला पहिल्याच भेटीत विचारला होता.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी त्यांच्याकडे गेले होते. वडिलांची लोणी काळभोरला रोपवाटिका; घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पाठ करून आणलेले सगळे विसरले आणि "माहीत नाही," म्हणाले.

"मलाही नाही," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून ये. आणि बूट घाल, टेकडीवर चपला टिकत नाहीत."

त्या टेकडीवर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावण्याचा सल्ला तरुणपणी मॅडमनीच दिला होता. झाड भराभर वाढले, पण त्याखाली दुसरे काही रुजेना. तेव्हा त्यांनी माती तपासायला घेतली. बऱ्याच भागातले गिरिपुष्प काढून धावडा, पळस अशी इथली झाडे लावली. एक तुकडा मात्र मुद्दाम तसाच ठेवला. गिरिपुष्पाचा कोवळा पाला लवकर कुजतो आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. धावड्याचा पाला सावकाश कुजतो. तिथे आता बुरशीचे पांढरे तंतू दिसू लागले आहेत. हा बदल झाडांमुळे झाला की पावसापाण्यामुळे, हे त्या जुन्या तुकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

नव्या विद्यार्थ्यांना मॅडम आधी तिथेच नेतात. "ही माझी चूक. नीट बघून घ्या," म्हणतात. एकदा फिरायला आलेल्या एका काकांनी टोकले, "अहो मॅडम, एवढं हिरवंगार आहे, उगाच काय उकरताय?"

"शेवाळंही हिरवंच असतं, काका."

पुढच्या आठवड्यात काका घरून खुरपे घेऊन आले.

माझे टेकड्या हिंडणे वडिलांना पटत नव्हते. गुडघे दुखत असताना मॅडम बसने लोणीला आल्या. वडील म्हणाले, "एवढी शिकली आन् पुन्हा मातीतच हाय. मग शिकली कशाला?"

"तुम्ही पिशव्यांत माती भरता, ती जिवंत की मेलेली हे तुम्हाला कोण सांगणार?" मॅडमनी विचारले. वडील हसले. नंतर त्यांनी मला कधी अडवले नाही.

आज मॅडमचा अमृतमहोत्सव. त्यानिमित्त सत्कार समितीने तो शेवटचा तुकडा साफ करून तिथे पळसाची पंचाहत्तर रोपे लावायचे ठरवले आहे. मॅडमना चकित करायचे म्हणून त्यांना विचारलेले नाही. बैठकीत मी हरकत घेतली, तेव्हा उत्तर मिळाले, "अगं, त्यांची चूक पुसून टाकण्यापेक्षा मोठा सत्कार कोणता?"

समितीचे प्रेम खरे आहे. पण ती चूक पुसली, तर मॅडमचा प्रश्नही पुसला जाईल. उत्तर हाती यायला अजून पुष्कळ वर्षे लागतील. ते ऐकायला मॅडम ठणठणीत हव्यात, आणि ऐकल्यावर "पुन्हा तपासून आण" म्हणायलाही. माझे मागणे तेवढेच आहे.

समारंभानंतर सर्वांनी कुदळी घेऊन टेकडीवर जमायचे आहे. रोपे आमच्या रोपवाटिकेतून मी आणायची होती. समितीने खुशाल रागवावे. रोपे येणार नाहीत. गौरव अंकासाठीचा हा लेख छपाईला देण्याआधीच वडिलांनी आणि मी ती लोणीत आमच्या बांधावर लावली आहेत.