साडेचार इंच

ते हॉटेल अर्धवट का राहिलं, हे समोरच्या चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, माणसागणिक वेगळी हकिकत ऐकायला मिळेल. कुणी म्हणतं जागाच वाईट. कुणी म्हणतं भागीदारांचं फाटलं. एक ट्रकवाला तर शपथेवर सांगतो की पाया खणताना खाली भुयार लागलं आणि मालकाची झोप उडाली. मिस्त्री हे सगळं बारा वर्षं ऐकत आले होते. चहा संपला की कप ठेवायचे आणि मुकाट्याने उठून जायचे. हॉटेल कुणामुळे अडलं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, अशी त्यांची खात्री होती. आपल्यामुळेच.

मिस्त्री हाडाचे सुतार. मोठ्या करमणूक बागेला लागून हे हॉटेल उठायचं होतं. सात मजले, दोनशे बारा खोल्या. अशा कामात आधी एकच खोली पुरी करतात, पलंगापासून साबणाच्या वाटीपर्यंत. मालक मंडळी येतात, गादीवर बसून बघतात, नळ सोडून बघतात आणि मान हलवून जातात. मग बाकीच्या खोल्या तिच्याबरहुकूम. ही नमुन्याची खोली तळमजल्यावर, कोठाराच्या जागेत उभारली होती. तिथलं लाकूडकाम मिस्त्रींच्या हातचं. मालकांनी कपाटाचं दार तीनदा उघडून मिटलं होतं आणि आवाज येत नाही म्हणून शाबासकी दिली होती. ती शाबासकीच नडली म्हणायची. मिस्त्रींनी त्याच खोलीची मापं घेऊन दोनशेवर कपाटं करायला घातली.

कपाटं आली. एका दुपारी मिस्त्रींनी सहज म्हणून एक तिसऱ्या मजल्यावर चढवून घेतलं. हमाल जेवायला गेले आणि हे एकटेच ते कोनाड्यात बसवायला लागले. बसेना. टेप लावला, कोनाडा साडेचार इंच कमी. पुन्हा लावला, पुन्हा तेच. खालच्या खोलीच्या भिंती साडेचार इंची होत्या, वरच्या नऊ इंची. शिकाऊ सुतारसुद्धा आधी भिंत बघेल. आणि तीस वर्षं रंधा मारलेल्या या माणसाला ते सुचू नये!

त्यांनी मुकादमाला सांगितलं की पॉलिश ओलं आहे, कपाटं आठ दिवस वर नेऊ नका. आयुष्यात कामाच्या बाबतीत बोललेलं ते पहिलं खोटं. आठ दिवस संपायच्या आत वरून हुकूम आला, काम तूर्त बंद. मिस्त्रींनी मनाशीच ताळा जुळवला. कुणीतरी टेप लावला असणार. सगळे पांगले, आणि राखण करायला माणूस हवा म्हटल्यावर हेच पुढे झाले. आपण केलेला घोळ आपणच निस्तरायचा. काम सुरू होईल त्या दिवशी कपाटं कापून बारीक करायची आणि मगच घरी जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

बायको पहिलं वर्षभर त्यांच्याबरोबर साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहिली. खिडकीतून बागेतला एक सिमेंटचा डायनोसोर दिसायचा. गळ्यापर्यंत होऊन राहिलेला, डोकं कधी बसलंच नाही. ती म्हणायची, "याला बिचाऱ्याला आपण दिसतसुद्धा नाही." मग तिचे गुडघे गेले आणि ती लेकीकडे राहायला गेली. मिस्त्री वर्षातून दोनदा जायचे, दोन दिवस राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. खरं कारण तिला सांगायची लाज वाटली. चार वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हा हे तिच्याकडे निघालेले, वाटेतच होते.

मिस्त्री एकटे पडले होते, आणि त्यांना ते कळत होतं. सकाळी उठून ते सात मजले चढायचे, उतरायचे, नमुन्याच्या खोलीतली धूळ पुसायचे. गादीवर मात्र कधी बसले नाहीत.

यंदा इमारत नव्या कंपनीने घेतली. पाहणीला एक इंजिनीअर बाई आल्या, मिस्त्रींच्या लेकीच्या वयाच्या. काखेत जुन्या फायली. मिस्त्रींनी त्यांना सगळं हिंडवून दाखवलं. नमुन्याच्या खोलीत आल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. बारा वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी भडाभडा ओकून टाकलं, भिंती, माप, पॉलिशचं खोटं, सगळं.

बाईंनी फाईल चाळून एक कागद काढला आणि पलंगावर ठेवला. सगळ्यात मोठ्या भागीदाराने अंग काढून घेतल्याचं ते पत्र होतं. बाईंनी तारखेवर बोट ठेवलं.

"तुमची कपाटं यायच्या पाच महिने आधीचं आहे हे," त्या म्हणाल्या. "काम तेव्हाच मेलं होतं. नुसतं दाखवायला चालू ठेवलं होतं."

"पण कपाटं बसत नव्हती, ताई."

"नसतील बसत. पण ते कुणाला कळलंच नाही. एवढ्या फायली वाचल्या मी, कपाटांचं नावसुद्धा नाही कुठे."

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला. भिंत मोजून दाखवतो म्हणाले. बाईंनी नको म्हटलं, माझा विश्वास आहे म्हणाल्या. आपण म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरवलं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"सुटलात की तुम्ही," त्या हसून म्हणाल्या.

मिस्त्री प्रथमच त्या गादीवर बसले.

"माझी बायको सात वर्षं लेकीकडे होती," ते म्हणाले. "दर फोनला विचारायची, कधी येताय. मी म्हणायचो, काम आहे."

बाईंना संदर्भ लागला नाही. त्यांनी साधेपणानेच विचारलं, "काय काम होतं?"

मिस्त्रींनी हातातला टेप पुन्हा खिशात घातला.

"काही नव्हतं," ते म्हणाले.